मेर्सू : देवापुढच्या गोडाची न लिहिलेली कृती

१/
१२० लिटर खजूर. १० लिटर पिस्ते. प्रयोजन : ‘मेर्सू’ करणे.
सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी युफ्रेटिस नदीकाठच्या मारी नगरात, राजवाड्याच्या एका कारकुनाने ओल्या मातीच्या पाटीवर साधारण एवढीच नोंद केली. आज जगभरचे हौशी स्वयंपाकी त्या नोंदीवरून खजुराचे गोळे वळतात आणि त्यांना ‘चार हजार वर्षांपूर्वीची कृती’ असे नाव देतात. वस्तुतः त्या पाटीवर कृती नाहीच. मग हा पदार्थ होता तरी कसा, तो कोणापुढे ठेवला जाई आणि त्याची कृती कोणीच का लिहून ठेवली नाही, याचा हा धागा.

२/
प्रथम स्थळ. मारी म्हणजे आजच्या पूर्व सीरियातील तेल हरीरी हे टेकाड. इराकच्या सीमेपासून जवळच. १९३३ साली तेथील काही माणसे कबरीसाठी दगड शोधत जमीन उकरत असता त्यांना एक शिरविहीन पुतळा सापडला. त्याच वर्षाच्या अखेरीस आंद्रे पारो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने उत्खनन सुरू केले. जमिनीखालून अडीचशेहून अधिक दालनांचा राजवाडा वर आला आणि त्याच्यासोबत कीलाकार लिपीतील वीस हजारांहून अधिक पाट्या आणि तुकडे.

३/
या पाट्या टिकल्या त्या एका विनाशामुळे. मारीचा अखेरचा राजा झिम्री-लिम. इ.स.पू. १७६१ च्या सुमारास बॅबिलोनच्या हम्मुराबीने त्याचे नगर घेतले आणि पुढे दोनेक वर्षांत तट पाडून राजवाडा जाळला. अभ्यासकांच्या मते त्याआधी हम्मुराबीच्या अधिकाऱ्यांनी दप्तरखाना नीट चाळला आणि राजकीय महत्त्वाची पत्रे उचलून नेली. खजूर, तेल, धान्य यांच्या हिशेबांत त्यांना काय रस असणार? ते ढिगाऱ्याखाली राहिले. जेत्याने टाकाऊ मानलेल्या या दप्तरामुळेच मुदपाकखाना आजच्या इतिहासकारापर्यंत पोहोचला.

४/
आता शब्द. ‘मेर्सू’ (‘मिर्सू’ असेही रूप आढळते) हा अक्कादी भाषेतील शब्द. त्याचे मूळ असलेल्या क्रियापदाचा अर्थ ढवळून एकजीव करणे, कालवणे. हाच पदार्थ सुमेरी चिन्हांत ‘निंदा-ई-दे-आ’ असा लिहीत. ‘निंदा’ म्हणजे भाकरी किंवा अन्न, ‘ई’ म्हणजे तेल-तूप, ‘दे’ म्हणजे ओतणे; थोडक्यात, स्निग्ध पदार्थ ओतून केलेले खाद्य. कृती हरवली असली तरी तिच्या दोन क्रिया नावातच शिल्लक आहेत : ओतणे आणि कालवणे.

५/
सुमेरी हिशेबांत, म्हणजे मारीच्या त्या नोंदीपूर्वी दोन-तीनशे वर्षे, याच नावाखाली पीठ, तूप, खजूर आणि चीज एकत्र दिसतात. काही ठिकाणी मनुका, अंजीर, सफरचंदही. मारीच्या पाटीवर मात्र खजूर आणि पिस्ते. म्हणजे मेर्सू हा एक ठरावीक पदार्थ नसून पदार्थांचे कुळ होते. ‘लाडू’ म्हटल्याने तो बेसनाचा की रव्याचा की डिंकाचा हे जसे कळत नाही, तसेच हे. ‘मूळ मेर्सू’ शोधू पाहणाऱ्याची पहिली अडचण येथेच सुरू होते.

६/
सुमेरी लोक तुपाला ‘ई-नून’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘उमरावी स्निग्ध’, श्रेष्ठ प्रतीचे तेल-तूप. त्या उष्ण प्रदेशात लोणी टिकत नाही. कढवले की टिकते. खजुराचेही तसेच. शरद ऋतूत उतरवलेले फळ वाळवून ठेवले की वर्षभर पुरते. मनुका आणि सुके अंजीर याच वर्गातले. देवाला नैवेद्य रोज लागतो. झाडाला फळ मात्र वर्षातून एकदाच येते. ही दोन वेळापत्रके जुळवण्याचा उपाय म्हणजे सुकवलेले फळ. देवळाच्या कोठारात खजुराला जे स्थान होते, त्यामागे चवीइतकाच हा हिशेब आहे.

७/
खजूर हे तेथे आपोआप मिळणारे फळही नव्हते. खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. भरघोस पीक हवे असेल तर नर झाडाचा पराग हाताने मादी झाडाच्या फुलोऱ्यावर पोहोचवावा लागतो. त्यासाठी माळी उंच खोडावर चढे. हम्मुराबीच्या संहितेतील ६४ वे कलम याच कामाविषयी आहे : परागणासाठी बाग माळ्याकडे सोपवली, तर उत्पन्नाचे दोन भाग मालकाचे आणि एक भाग माळ्याचा. ६५ व्या कलमानुसार माळ्याने हयगय केली, तर त्याने शेजारच्या बागेच्या उत्पन्नाच्या प्रमाणात भरपाई द्यायची.

८/
त्याच संहितेच्या ५९ व्या कलमात दुसऱ्याच्या बागेतील झाड मालकाच्या परवानगीवाचून तोडणाऱ्याला अर्धा मीना चांदीचा दंड आहे. मीना म्हणजे साधारण अर्धा किलो. तेव्हा दंड सुमारे पाव किलो चांदी. मारी जाळणारा राजा आणि एका झाडासाठी एवढा दंड लावणारा राजा एकच. देवापुढच्या त्या गोड गोळ्यामागे झाडावर चढणारा माळी, त्याचा तिसरा हिस्सा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा कायदा, एवढे सगळे उभे होते.

९/
आतापर्यंतचा पुरावा शब्दांचा झाला. आता प्रत्यक्ष फळे. मारीच्या त्या नोंदीहूनही सात-आठ शतके मागे, दक्षिणेतील ऊर नगराच्या राजकीय दफनभूमीत लिओनार्ड वूली यांनी १९२० च्या दशकात पूआबी नावाच्या राणीची कबर उघडली. सोन्याच्या पानांचा तिचा शिरोभूषणसाज जगप्रसिद्ध झाला. त्याच कबरीतील थाळ्यांत लहान सफरचंदांच्या वाळलेल्या चकत्या होत्या, दोऱ्यात ओवलेल्या. त्यांच्यावरील अभ्यास मात्र १९७८ साली, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी प्रसिद्ध झाला. सोने लगेच दिसते. सुकलेल्या फळाकडे लक्ष जायला अर्धशतक लागते.

१०/
मृतांना शिदोरी एकदाच. देवांना मात्र रोज. ऊरुक नगरातील एका पाटीत, जिची उपलब्ध प्रत ग्रीक सेल्यूकसच्या वंशजांच्या काळातील आहे, देवांच्या दैनंदिन जेवणाचा आराखडा आढळतो. दिवसाला चार पंगती : सकाळची मोठी आणि लहान, संध्याकाळची मोठी आणि लहान. अनू, अंतू, इश्तर, नाना या दैवतांसाठी मद्य, दूध, भाकऱ्या, मांस, आणि यांच्यासोबत साधे खजूर, दिल्मूनचे म्हणजे आजच्या बहरीन परिसरातले खजूर, अंजीर आणि मनुका. दळणाऱ्याने दळताना आणि आचाऱ्याने कणीक मळताना कोणते मंत्र म्हणायचे, हेही त्यात नेमून दिले आहे.

११/
देव जेवले की उरलेले अन्न कोणाचे? पहिला मान राजाचा. देवाच्या ताटातले शेष राजाकडे पाठवले जाई. बाकीचे देवळाच्या सेवेकऱ्यांत वाटले जाई. या वाट्याचे हक्क वंशपरंपरेने चालत आणि दिवसांच्या हिशेबाने विकलेही जात : अमुक महिन्यातील अमुक दिवसांची आचारीपणाची सेवा आणि तिच्यासोबत येणारा अन्नाचा भाग. बॅबिलोनियातील अशी खरेदीखते आज संग्रहालयांत आहेत. मराठी वाचकाला येथे नैवेद्य, प्रसाद आणि देवस्थानाचे मानकरी आठवणे स्वाभाविक आहे.

१२/
साम्य आहे, पण त्यामागील कल्पना निराळी आहे. मेसोपोटेमियाच्या ‘अत्राहासिस’ या पुराणकाव्यात माणूस निर्माण होतो तो देवांचे कष्ट आपल्या अंगावर घेण्यासाठी. पुढे देव माणसांवर जलप्रलय आणतात आणि मग स्वतःच उपाशी पडतात, कारण खाऊ घालणारे कोणी उरलेले नसते. प्रलयातून वाचलेला माणूस पहिला नैवेद्य मांडतो, तेव्हा भुकेले देव त्याच्याभोवती माश्यांसारखे गोळा होतात. तेथे देवाला खाऊ घालणे हे भक्तीपेक्षा अधिक काही होते. ते माणसाच्या अस्तित्वाचे प्रयोजन होते आणि त्याची सुरक्षितताही.

१३/
ही सुरक्षितता केवळ राजांना हवी होती असे नाही. अंगावर साप पडला, घरात मुंग्यांची विचित्र रांग दिसली, कुत्र्याने अंगावर लघवी केली, विकृत कोकरू जन्मले : अशा घटना म्हणजे येऊ घातलेल्या अरिष्टाच्या खुणा मानल्या जात. मात्र खूण दिसली म्हणजे भविष्य अटळ झाले, असे मेसोपोटेमियन मानत नसत. ते अरिष्ट सोडवण्याचे विधी होते. त्यांना ‘नामबुर्बी’ म्हणत, म्हणजे ‘त्याची सोडवणूक’. अश्शूर आणि निनवे येथील ग्रंथसंग्रहांत या विधींच्या पाट्या मोठ्या संख्येने सापडल्या.

१४/
आपला मेर्सू येथे पुन्हा भेटतो. घराच्या गच्चीवर किंवा नदीकाठी, लोकांच्या वर्दळीपासून दूर, जागा झाडून शुद्ध पाणी शिंपडायचे. लहान वेदी मांडायची. ज्युनिपरचा धूप लावायचा. खजूर आणि बारीक पीठ विखरायचे. मध आणि तूप घातलेला मिर्सू ठेवायचा. बीअर ओतायची. हे शब्द विधीमागून विधीत जवळजवळ जसेच्या तसे येतात. इतके, की लेखक ते संक्षिप्त सुमेरी चिन्हांत उरकून टाकतो. एखाद्या पुरोहिताला हे लिहिण्याची गरजही फारशी नसावी, इतके ते अंगवळणी पडलेले दिसते.

१५/
हा गोड पदार्थ तेथे नेमके काय करतो? नामबुर्बीची रचना न्यायालयासारखी आहे. सूर्यदेव शमाश हा न्यायाधीश. त्याच्यासोबत बहुधा एआ आणि असल्लुही. एका बाजूला भ्यालेला माणूस, दुसऱ्या बाजूला अरिष्टाची खूण, म्हणजे तो साप किंवा ते कोकरू. पुष्कळदा त्याची मातीची प्रतिमा. निवाडा मागण्याआधी न्यायाधीशांना सन्मानाने बसवून खाऊ घालायचे. निकाल माणसाच्या बाजूने लागला की प्रतिमा नदीत सोडायची. मूठभर खजूर आणि तुपामधाचा गोळा हा त्या माणसाचा देवांच्या दरबारातील प्रवेश होता.

१६/
मध आणि तूप ही जोडी महाकाव्यातही आहे. एन्किदू मरण पावल्यावर गिल्गमेश पहाटे दोन पात्रे भरतो : तांबड्या अकीकाच्या पात्रात मध, निळ्या राजावर्ताच्या पात्रात तूप, आणि ती शमाशपुढे ठेवतो. मित्राच्या शोकात बुडालेला राजा आणि कुत्र्याने अंग विटाळले म्हणून धास्तावलेला नागरिक. पात्रे वेगळी, पण दोघांच्या हातांतील मागणे आणि पदार्थ पुष्कळसे सारखे.

१७/
आता कृतीतील पहिला पेच. ‘मध’ म्हणून वाचला जाणारा शब्द आहे ‘दिश्पू’. त्याचा अर्थ मधमाश्यांचा मध असू शकतो, तसाच खजुराचा दाट पाकही. याबाबतचा एक बोलका पुरावा मारीच्या शेजारचाच आहे. मारीच्या खालच्या अंगाला, युफ्रेटिसच्याच काठी सुहू हा प्रांत होता. तेथील शमाश-रेश-उसूर या अधिपतीने इ.स.पू. आठव्या शतकातील आपल्या शिलालेखात मोठ्या अभिमानाने सांगितले आहे, की मध गोळा करणाऱ्या माश्या आपल्या पूर्वजांनी कधी पाहिल्या नव्हत्या; त्या डोंगरातून आपण आणवल्या. म्हणजे त्या प्रदेशात माश्यांचा मध दुर्मीळ होता. रोजच्या नैवेद्यातील ‘मध’ पुष्कळदा खजुराचा पाकच असणे अधिक संभवते.

१८/
दुसरा पेच पिस्त्यांचा. मारीच्या पाटीतील ज्या शब्दाचे भाषांतर ‘पिस्ते’ असे होते, त्याच कुळातून आलेल्या ‘बुत्म’ या अरबी शब्दाने आजही रानपिस्ता ओळखला जातो. रानपिस्त्याचे फळ बारीक, वाटाण्याएवढे, राळेसारख्या वासाचे. आज बाजारात मिळणारा मोठा हिरवा पिस्ता ही त्याची लागवडीखालील भावकी. त्यामुळे समाजमाध्यमांवर दिसणारा हिरव्यागार पिस्त्यात घोळवलेला गुळगुळीत गोळा मारीच्या मेर्सूसारखा दिसत असेलच असे नाही.

१९/
पण त्या काळच्या पाककृती उपलब्ध आहेत ना? आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठात साधारण त्याच शतकातील काही पाकपाट्या आहेत. झाँ बोतेरो या फ्रेंच विद्वानाने त्या वाचून १९९५ साली समग्र प्रसिद्ध केल्या. त्यांत रस्से आहेत, मांस आहे, कांदा, लसूण, कांद्यासारखा लीक आहे, पक्ष्यांचे कणकेत बसवलेले पक्वान्न आहे. मेर्सूची कृती मात्र नाही. देवांपुढे शतकानुशतके ठेवल्या गेलेल्या या गोडाची कृती सांगणारी पाटी आजवर उजेडात आलेली नाही.

२०/
याचे कारण लेखन कोणाच्या हातात होते, यात आहे. कारकून कोठाराच्या दारात बसतो. बाहेर काय गेले, किती गेले आणि कोणत्या कामासाठी गेले, एवढे तो लिहितो. पुरोहित वेदीवर काय ठेवायचे ते लिहितो. कोठार आणि वेदी यांच्यामध्ये जे घडते, म्हणजे बिया काढणे, कुटणे, तूप किती सुटले की पुरे हे ओळखणे, ते तिसऱ्याच कोणाच्या हातात असते. मारीच्या नोंदींत मेर्सू करणाऱ्या कारागिरांचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे ते एक जाणते काम होते. ते जाणणाऱ्यांनी मात्र लिहिले नाही. त्यांना लिहिण्याची गरज नव्हती.

२१/
म्हणून आज मेर्सू करू पाहणाऱ्याने निदान पाटीचा हिशेब तरी पाळावा. १२० ला १०, म्हणजे बारा मापे खजुराला एक माप पिस्ता. घरगुती प्रमाणात तीन वाट्या खजुराला पाव वाटी पिस्ते. आधुनिक कृतींत पिस्ते याच्या कितीतरी पट असतात, कारण आज सुकामेवा हे श्रीमंतीचे लक्षण आहे. मारीच्या मेर्सूचे शरीर खजुराचे होते. पिस्ता त्यात अधूनमधून दाताखाली यावा एवढाच.

२२/
करून पाहायचे तर असे. मऊ खजुरातील बिया काढून तो खलबत्त्यात कुटावा. फार सुका असल्यास कोमट पाण्याचा हबका द्यावा. पिस्ते भरड कुटून घालावेत. वितळलेले तूप थोडे थोडे ओतत हाताने कालवावे, गोळा हाताला चिकटेनासा झाला की थांबावे. यांतील खजूर, पिस्ते आणि त्यांचे प्रमाण मारीच्या पाटीतले. तूप सुमेरी हिशेबांतले आणि विधिग्रंथांतले. ओतणे व कालवणे नावातले. खलबत्ता, हबका आणि लाडवाचा गोल आकार हा मात्र करणाऱ्याचा अंदाज. हा भेद सांगितला तर तो इतिहास. लपवला तर जाहिरात.

२३/
अशीच काळजी आणखी एका मोहाबाबत घ्यावी लागते. ‘म्हणजे लाडू बॅबिलोनहून आला’ किंवा ‘म्हणजे लाडू येथून बॅबिलोनला गेला’ ही दोन्ही वाक्ये समाजमाध्यमांवर सहज पसरतात. सिंधू संस्कृतीचा मेसोपोटेमियाशी व्यापार होता, हे निश्चित. मेलुह्हाची जहाजे आपल्या बंदराला लागतात, असे अक्कादचा राजा सार्गोन सांगतो, आणि सुक्या सफरचंदांच्या त्या ऊरच्या दफनभूमीत सिंधू प्रदेशाच्या कारागिरीचे अकीकाचे मणी मिळाले आहेत. पण मण्यांचा प्रवास सिद्ध झाल्याने मिठाईचा प्रवास सिद्ध होत नाही. खजूर, तूप आणि दोन हात जेथे आहेत, तेथे गोळा वळला जाणारच.

२४/
२०११ नंतरच्या युद्धकाळात तेल हरीरीच्या टेकाडावर लुटारूंनी शेकडो खड्डे खणले; उपग्रहचित्रांत ते दिसतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या शोधात मातीचे थर उलटेपालटे झाले. संदर्भ तुटलेली पाटी अर्धी मुकी होते : कोणत्या दालनात, कशाशेजारी, कोणत्या दप्तरात ती होती, हे मग तिला कोणीच विचारू शकत नाही. हम्मुराबीच्या अधिकाऱ्यांनी मागे ठेवलेले हिशेब पावणेचार हजार वर्षे टिकले. त्यांच्या शेजारी आणखी काय होते, ते आता पूर्णपणे कधीच कळणार नाही.

२५/
उरते ती एक ओळ. १२० लिटर खजूर, १० लिटर पिस्ते, मेर्सूसाठी. ती लिहिणाऱ्याला देवांविषयी काही सांगायचे नव्हते. कोठारातून गेलेल्या मालाचा हिशेब उद्या लागावा, एवढीच त्याची चिंता. ज्यांच्या हातांनी तो खजूर कुटला, त्यांनी तर एक अक्षरही मागे ठेवले नाही. आज कोणी तीन वाट्या खजुरात पाव वाटी पिस्ते कालवतो, तेव्हा बोटांना लागणारा चिकटपणा तेवढा त्या हातांच्या ओळखीचा असतो. कृती हरवली आहे. काम अजून हाताला कळते.

धागा समाप्त.